दादाची पेटी

प्रत्येक घरात एखादे तरी माणूस नाजूक प्रकृतीचे असते. त्याला गार सोसत नाही, गरम चालत नाही, जेवणाची वेळ अर्धा तास पुढे गेली की त्याचे डोके चढते. सारे घर त्याच्याभोवती चवड्यांवर चालत असते. आमच्या घरी हा मान एका रेडिओकडे आहे.

‘नाजूक’ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे एखादी चिमुकली, सुबक वस्तू उभी राहील. तसे काही नाही. हा रेडिओ म्हणजे काळ्या पत्र्याची एक धिप्पाड पेटी आहे. वजन सुमारे ४५ किलो. ती हलवायची झाल्यास दोन माणसे आणि एक सल्लागार लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने लष्करासाठी बनवलेला हा ‘ए.आर. ८८’ जातीचा रिसीव्हर. आत चौदा व्हॉल्व्ह आहेत. घरच्या रेडिओवर लागणाऱ्या मध्यम लहरींपासून पार टोकाच्या लघुलहरींपर्यंत सारे आकाश तो सहा पट्ट्यांत वाटून घेतो. लढाईत हा गडी बॉम्बवर्षाव सोसून टिकला असेल. पण भाईंदरच्या विजेपुढे मात्र तो लहान मुलासारखा हळवा होतो.

ही पेटी दादाची. माझ्या थोरल्या भावाची. माझ्याहून तो चौदा वर्षांनी मोठा. तारखात्यात नोकरीला होता, आणि दिवसभर तारा बडवूनही पोट भरत नाही म्हणूनच की काय, रात्री घरी येऊन हौसेने बिनतारी बडवीत बसे. सरकारची परीक्षा देऊन त्याने हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. १९५८ साली चोरबाजारात लष्कराच्या मोडीत त्याला ही पेटी सापडली. दोन महिन्यांचा पगार तिच्यावर घालून त्याने ती हातगाडीवरून गिरगावात आणली. आमच्या चाळीचा जिना अरुंद. हमाल, दादा आणि पेटी असे तिघेजण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकले, तेव्हा तात्या आतूनच म्हणाले, “सून आणायची सोडून हे काय आणलंस?”

सून पुढच्याच वर्षी आली. वहिनीचे आणि पेटीचे पहिल्या दिवसापासून जमले. दादा कानांवर हेडफोन चढवून बसला की ती त्याच्यापुढे चहा ठेवी आणि बोलत काही नसे. मी मात्र बोलून बोलून त्याला भंडावून सोडी. लॅमिंग्टन रोडवर तो सुटे भाग आणायला निघाला की मी त्याच्या मागे. तिथल्या दुकानांतून कंडेन्सर, कॉइल, व्हॉल्व्हचे सॉकेट असा कसला कसला खाऊ तो घेई. वाटेने १९४२ सालच्या गोष्टी सांगे. १९३९ साली लढाई सुरू होताच सरकारने हौशी लोकांची प्रक्षेपणे बंद केली होती. तरीही २७ ऑगस्ट १९४२ रोजी याच मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला, आणि जागा बदलीत बदलीत नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत तो चालवला. “आपल्या गिरगावापासून हाकेच्या अंतरावर, बरं का!” असे म्हणताना दादाची छाती अशी फुगे की जणू तोच त्या वेळी यंत्रापाशी होता. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, हे मी मनातल्या मनात मोजून ठेवी.

पेटी उघडली की तो मला जवळ बसवी आणि एकच मंत्र देई : “एक हात खिशात.” व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब खेळत असतो, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर तो काही वेळ पोटात धरून ठेवतात. दोन्ही हात आत घातले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. म्हणून काम करायचे ते एका हाताने, दुसरा हात खिशात. माझ्या त्या वेळच्या अर्ध्या चड्डीला खिसा नव्हता. वहिनीने त्याच रात्री एक शिवून दिला.

पुढे काय व्हायचे ते झाले. घरोघरी होते तेच. १९८४ साली चाळीतल्या जागेवरून दादाचे आणि माझे वाजले. कोण बरोबर होते हे आज मला खरोखरच सांगता येणार नाही. त्या वेळी मात्र दोघेही शंभर टक्के बरोबर होतो. मी बिऱ्हाड उचलले आणि भाईंदरला आलो. त्या वेळचे भाईंदर म्हणजे एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरांचे पांढरे ढीग आणि मधे नव्या इमारतींचे सांगाडे. नगरपालिका झाली ती १९८५ साली आणि महानगरपालिका २००२ साली. पाण्यासाठी टँकरमागे धावण्यात आमची उमेदीची वर्षे गेली.

दादा आणि मी चौदा वर्षे एकमेकांशी बोललो नाही. पण त्या चौदांपैकी एकाही दिवाळीत वहिनीच्या फराळाचा डबा चुकला नाही. पुतण्या लोकलने डबा घेऊन येई. मी विचारी, “कसा आहे?” तो सांगे, “बरे आहेत.” कोण, हे त्यानेही कधी म्हटले नाही, मीही नाही. डबा परत जाताना आमची ही त्यात तिच्या हातचे अनारसे भरून देई. एवढाच काय तो व्यवहार.

१९९८ साली दादा गेला. दिवस झाल्यावर वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊजी, भंगारवाला पेटीचे तीनशे रुपये देतोय. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं.” मी काही बोललो नाही. बोलता येईना. दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गेलो.

अशी ही पेटी भाईंदरला आली, आणि तिची प्रकृती ढासळू लागली.

गिरगावात तिला विजेची कधी तक्रार नव्हती. इथे मात्र संध्याकाळी साऱ्या वस्तीचे दिवे लागले की दाब १८० व्होल्टपर्यंत उतरे, आणि मध्यरात्री गाव झोपले की २६० च्या पुढे चढे. नियमाने तो २३० असावा आणि सहा टक्क्यांहून अधिक खालीवर होऊ नये. म्हणजे साधारण २१६ ते २४४ यांच्या दरम्यान राहावा. पंख्याला, दिव्याला हा चढउतार फारसा जाणवत नाही. पण व्हॉल्व्हचे तसे नाही. त्याच्या पोटात एक तार तापवून लाल करावी लागते, आणि तिला बरोबर ६.३ व्होल्ट हवे असतात. पेटीतला ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या दाबाचा ठराविक हिस्सा तिला देतो. तो स्वतःची अक्कल चालवीत नाही. भिंतीत २७० आले की ६.३ चे ७.४ होतात, आणि व्हॉल्व्ह दहा वर्षांचे आयुष्य दोन वर्षांत उधळतो. दाब फक्त एक षष्ठांशाने वाढला तरी उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या हिशेबाने चालते. ट्रान्सफॉर्मरचे लोखंड तृप्त होऊन गुरगुरू लागते. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा कागद आणि मेण ते किती दिवस सोसणार?

गंमत अशी की ही पेटी बनवणाऱ्यांना हे सारे ठाऊक होते. आत एक जांभळा उजेड देणारी नळी आहे. तिच्यात वायू भरलेला असतो. बाकीचा दाब खालीवर झाला तरी ती यंत्राच्या सर्वांत हळव्या भागाला १५० व्होल्ट, ना कमी ना जास्त, पुरवीत राहते. त्यामुळे लावलेले स्टेशन सरकत नाही. पण तीही घरची सून. किती म्हणून सांभाळील?

तेव्हा मी औषधोपचार सुरू केले. ट्रान्सफॉर्मरवर निरनिराळ्या दाबांसाठी टोके काढलेली असतात. इथल्या विजेचा कल पाहून जोडणी एक पायरी वर नेली. लॅमिंग्टन रोडवरून एक ‘व्हेरिअॅक’ आणला. हा एक मोठी मूठ असलेला ट्रान्सफॉर्मर असतो. मूठ हळूहळू फिरवली की दाब शून्यापासून सावकाश चढवता येतो. बरेच दिवस बंद राहिलेले यंत्र एकदम पूर्ण दाबावर लावू नये, आजाऱ्याला उठवावे तसे उठवावे. तो नसेल तर दुसरा उपाय स्वस्तातला : यंत्राच्या वाटेत शंभर वॅटचा एक बल्ब घालायचा. आत कुठे काही जळाले असेल तर सारा दाब बल्ब आपल्या अंगावर घेतो आणि लख्ख पेटून सांगतो, “थांबा!” यंत्र ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. मात्र बल्ब हवा तो जुना, तारेचा; हल्लीच्या एलईडीला ही परोपकारबुद्धी नाही. म्हणून बाजारातून ते बल्ब नाहीसे होऊ लागताच मी डझनभर आणून कपाटात ठेवले. शिवाय पावसाळ्यात पेटीच्या शेजारी पंधरा वॅटचा एक बल्ब रात्रंदिवस जळत ठेवतो, म्हणजे खाडीची दमट हवा आत घर करीत नाही.

सर्वांवर कडी म्हणून एक स्टॅबिलायझर घेतला. दाब बदलला की त्यातले खटके पडतात आणि तो वाट बदलून देतो. रात्री-अपरात्री आमच्या बाहेरच्या खोलीत ‘खट्... खट्’ असा आवाज येऊ लागला.

“माझं ब्लडप्रेशर मोजायला तुम्ही वर्षातून एकदा नेता,” आमची ही म्हणाली, “आणि तिचं मात्र दिवसातून दहादा बघता.”

“अगं, तिचं वय—”

“माझ्यापेक्षा काही फार जास्त नाही.”

सवत म्हणून ती पेटीचा उल्लेख करी, पण धूळ तीच पुसे. आणि रेडिओ ऐकण्यात माझी सोबतही तीच करी. २००४ च्या डिसेंबरात अंदमानात त्सुनामी आली. त्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. जगभरच्या हौशी लोकांशी गप्पा मारायला गेलेली ही मंडळी त्या दिवसापासून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवू लागली. मी आणि ही दोन रात्री पेटीपाशी बसलो. खरखरीतून एखादे नाव, ‘सुखरूप आहे’ असा एखादा तुटका शब्द हाती लागे. नावे आमच्या ओळखीची नव्हती. पण प्रत्येक सुखरूप माणसागणिक हिने हात जोडले.

२०११ सालची नरकचतुर्दशी. दादा हयात असताना या पहाटे तो सर्वांच्या आधी आंघोळ उरकून पेटी लावीत असे. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर देशभरचे हौशी लोक एकमेकांना दिवाळीच्या शुभेच्छा देत. पेटी आमच्याकडे आल्यापासून तो नेम मी चालवला आहे. मला परवाना नाही. मी नुसता ऐकणारा. त्या दिवशी पहाटे पाचला पेटी लावली, चौदा व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, जांभळी नळी उजळली, आणि मी अंगाला तेल लावून मोरीत गेलो. बाहेर नातू टीव्हीवर कसलासा कार्यक्रम लावून बसला होता. ही उटण्याची वाटी घेऊन त्याला शोधीत होती.

एकाएकी मोरीतला दिवा असा पेटला की मध्यान्ह झाल्यासारखे वाटले. पंखा विमानासारखा घोंघावू लागला. बाहेरून आवाज आला : खट् खट् खट् खट्! मी तोंडावरचे तेल पुसतो न पुसतो तोच धाडदिशी काहीतरी वाजले, आणि अंधार झाला.

पंचा गुंडाळून बाहेर आलो. दारातल्या पणतीचा काय तो उजेड. त्या उजेडात ही उभी होती. एका हातात उटण्याची वाटी, दुसऱ्या हाताला पदर गुंडाळलेला, आणि त्या हातात पेटीचा प्लग.

“काढला,” ती म्हणाली. “खटका थांबेचना. रोज थांबतो.”

टीव्ही गेला होता. तिचा मिक्सर गेला होता. फ्रिज गेला होता. त्यात बासुंदी होती. स्टॅबिलायझरमधून धूर येत होता. पेटी मात्र तिने वाचवली होती. टीव्हीचा प्लग पेटीच्या प्लगाच्या शेजारीच होता. हिने हात घातला तो पेटीच्या प्लगाला.

उजाडल्यावर वायरमन आला. मीटरच्या खोलीत जाऊन त्याने एक काळा ठिक्कर पडलेला जोड दाखवला आणि दोनच शब्द उच्चारले : “न्यूट्रल गेला.”

हे प्रकरण थोडे समजून घेण्यासारखे आहे. इमारतीत वीज येते ती तीन तारांनी, आणि परत जाण्याची तार एकच, न्यूट्रल. काही घरे एका तारेवर, काही दुसरीवर, काही तिसरीवर. तिघींवरचा भार सारखा असला तर न्यूट्रलमधून काहीच वाहत नाही. तिघींच्या भारात जो फरक पडेल तेवढाच ती मुकाट्याने वाहून नेते. म्हणून लोकांना वाटते की तिला काही काम नाही. पण ती आहे तोवरच प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात. ती तुटली की मग घरे एकमेकांच्या जिवावर उठतात. तारांमधला ४०० व्होल्टचा दाब दोघांत वाटला जातो, आणि तोही उफराटा : ज्याच्यावर भार जास्त त्याला कमी, ज्याच्यावर कमी त्याला भलताच जास्त. त्या पहाटे साऱ्या इमारतीचे गीझर एकाच वेळी लागलेले. आमच्या तारेवरची दोन-तीन बिऱ्हाडे दिवाळीला गावी गेलेली. मिठागरांच्या खाऱ्या हवेने खाल्लेला तो जोड तापला आणि सुटला. आमच्याकडे तीनशेच्या वर दाब आला. समोरच्या बिऱ्हाडात दिवे कंदिलासारखे मिणमिणत होते. एवढ्या दाबापुढे स्टॅबिलायझरचे सगळे खटके पडून संपले, तो तरी काय करणार!

दुपारी मी वहिनीला फोन केला. म्हटले, “वहिनी, पेटी वाचली!” आणि सगळी हकीकत सांगितली.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “तिच्या हाताला काही झालं नाही ना?”

मी हे विचारलेच नव्हते. सकाळपासून एकदाही नाही.

“भाऊजी, तेलाचा, पाण्याचा हात घेऊन कुणी प्लगाला धावतं का? दाराशी मेन स्विच असतो, तो पाडावा. तिला सांगा. आणि पेटी काय, पेटीसारख्या छप्पन्न पेट्या. ह्यांना मीसुद्धा हेच सांगत असे.”

फोन ठेवून मी बसून राहिलो. वायरमनने दाखवलेला तो काळा जोड डोळ्यांपुढून हलेना. चौदा वर्षे आम्ही दोघे भाऊ दोन टोकांना ताणून उभे होतो, आणि तरी दोन्ही घरांतले दिवे जागच्या जागी जळत होते. का, ते मला तोपर्यंत कधी सुचले नव्हते. दर दिवाळीला एक डबा येत होता, एक डबा जात होता. आम्हाला वाटे, त्यात चकल्या आहेत.

संध्याकाळी मी हिचा हात पाहिला. मनगटाशी जरा खरचटले होते. तिने तो लगेच मागे घेतला. म्हणाली, “आता पुरे. मिक्सर कधी आणताय ते सांगा.”

मिक्सर भाऊबीजेच्या आत आणला. सोसायटीने मीटरच्या खोलीतले सारे जोड नव्याने करून घेतले, आणि दर पावसाळ्यानंतर ते तपासायचे ठरवले. अर्थिंग तपासून घेतले. पेटीच्या वाटेत आता एक निराळा कटआउट आहे. दाब २६० च्या वर किंवा १७० च्या खाली गेला की तो समजूत घालीत बसत नाही, सरळ वाट तोडतो. आणि वीज सुधारल्यावरही तीन मिनिटे थांबून, खात्री करूनच परत जोडतो. क्षणभराचा झटका गिळायला एक छोटा व्हॅरिस्टर आहे. पण तो झटक्यापुरताच, तास-दोन तासांचा दाब आला तर तो स्वतःच जळतो. फ्यूज नेमक्या मापाचा आहे. तांब्याची तार गुंडाळून वेळ मारून नेण्याची सवय मी सोडली. आणि सर्वांत खात्रीचा इलाज म्हणजे ऐकणे संपले की प्लग काढून ठेवणे. याला पैसा पडत नाही, म्हणून यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

वहिनी २०१६ साली गेली. आता फराळाचा डबा इथून जातो. आमची ही तो भरते, आणि पुतण्याकडे पोचवायचे काम माझ्याकडे आहे.

गेल्या दिवाळीत नातू पहाटे माझ्याआधी उठून पेटीपाशी येऊन बसला. कॉलेजात जातो, आणि हौशी रेडिओच्या परीक्षेचे पुस्तक आणून ठेवले आहे. “आजोबा, मी लावू?” म्हणाला. मी व्हेरिअॅककडे बोट दाखवले. त्याने मूठ सावकाश फिरवली. काटा चढत गेला, शंभर, दीडशे, दोनशे, दोनशे तीस. आत तांबूस उजेड धरला. मग जांभळी नळी. खरखरीतून कुणीतरी कुणालातरी शुभेच्छा देत होते.

त्याचा डावा हात खिशात होता. मूठ फिरवायला त्याची काही गरज नसते. मी त्याला तसे सांगितले नाही.